दुपारचा बर्फ

हवल्ली, कुवेत
२० मे १९८४

प्रिय राविया,

सलाम. आधी खाली बस, पाणी पी, मग पुढचं वाच. तुझी ताई आई होणार आहे! लग्नाला आठ वर्षं झाल्यावर. चौथा महिना संपला. दृष्ट लागू नये म्हणून मी कुणाला सांगणार नव्हते, पण मुनीरच्या पोटात काही राहतं का? त्यांनी शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना सरबत पाजलं.

आता दुसरी बातमी. यंदा ईदला मी दमनहूरला येत नाही. डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे. जिने चढायचे नाहीत, दगदग करायची नाही, मनाला धक्का बसेल असं काही ऐकायचंसुद्धा नाही. आईला नीट समजावून सांग.

तशी तिला माझी उणीव कुठे भासणार आहे म्हणा. मागच्या ईदचं आठवतं ना? ईदच्या कहक बिस्किटांचं पीठ मळायला सगळी गल्ली आपल्या अंगणात जमलेली. मी बाह्या सरसावून पुढे झाले, तर आई सगळ्यांदेखत म्हणाली, "लांब राहा इन्साफ. तुझे हात गरम. तूप सुटेल, नक्षी बसेल." आणि नक्षीचा चिमटा तुझ्या हातात दिला. बायका फिदीफिदी हसल्या. तुझ्यावर माझा राग नाही गं, पण बत्तीस वर्षांची झाले तरी मला बढती नाही. थंडीतली ईद असली तर माझं काम एक, संध्याकाळी भरलेले ट्रे डोक्यावर घेऊन भट्टीवर जायचं. उन्हाळ्यातली असली तर दोन. दुपारी बर्फवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून लादी आणायची. तो बर्फ तरी कुठे गडप व्हायचा कोण जाणे. रोजा सोडताना सरबत कोमटच. बाबा होते तोवर दरवर्षी कुरकुर करायचे.

इथे शेजारीण दुकानातून कहक आणते. खोका उघडला की पुठ्ठ्याचा वास येतो. एकदा वाटतं, आईला कृती विचारावी. नको, तू विचारू नकोस. नाक वर करेल.

तुझी,
इन्साफ

*

दमनहूर, इजिप्त
९ जून १९८४

ताई,

तुझं पत्र गेल्या महिन्याच्या अखेरीस मिळालं. उत्तराला उशीर झाला. बातमी वाचून आईला काय वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. तिनं उठून पहिल्यांदा उम्म शौकींच्या दाराला थाप मारली. शेजारीणबाई चप्पल न घालता धावत आल्या.

तू जपून राहा. डॉक्टरांनी सांगितलंय तसंच वाग.

घरात सध्या माणसांची ये-जा फार आहे. गल्लीत खुर्च्या मांडल्यात, लिहायला निवांतपणा नाही. रोजा सुटला की रात्रभर कॉफी करत असते. बिनसाखरेची. आता मलाही तीच बरी वाटते.

कृतीचं म्हणालीस, तर आई सांगते, लिहून घे. एक किलो मैदा, अर्धा किलो तूप, मूठभर भाजलेले तीळ, चिमूटभर मीठ. तुपाचं मोहन कडकडीत हवं, पिठावर ओतलं की चर्र आवाज यायला हवा. मग गार होऊ दे. घाई नको. दोन तळव्यांत पीठ चोळत राहायचं, कणाकणाला तूप लागेपर्यंत. चोळताना बोलायचं नाही, दुसरा विचार करायचा नाही. मग खमीर आणि कोमट दूध.

बसून कर. उभी राहू नकोस.

तुझी,
राविया

*

हवल्ली
१६ जून १९८४

अगं राविया,

आईनं सांगितलं? आपल्या आईनं? मला? मी पत्र मुनीरना तीनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नातवंडाची बातमी लागली की दगडालासुद्धा पाझर फुटतो." मी त्यांना म्हटलं, माझ्या आईला दगड म्हणायचा हक्क फक्त मला आहे.

त्याच दिवशी केले. सांगितल्याप्रमाणे बसून. मोहन चर्र वाजलं आणि पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. खोटं नाही सांगत, मासोळीनं शेपटी मारावी तसं. चोळताना गप्प राहायचं लिहिलं होतंस, पण डोकं कुठे गप्प बसतंय! सारखा आईचा आवाज येत होता, "तुझे हात गरम." जितका आवाज येईल तितकी मी जोरात चोळायची. तूप सुटलं. कहक ओव्हनमध्ये असे पसरले की चिमट्याची नक्षी कुठली आणि भेग कुठली कळेना. मी ट्रे सिंकमध्ये टाकला आणि तिथेच रडत उभी राहिले.

आईला विचार, गरम हातांवर उपाय काय? आणि रागावू नकोस म्हणावं. मी पुन्हा करणार आहे. ईदला माझ्या हातचे तुम्हाला पाठवायचेत.

इन्साफ

*

दमनहूर
२३ जून १९८४

ताई,

कहक पाठवू नकोस. उन्हाळा आहे, वाटेत तूप खवट होईल. ऐक माझं. तिथेच करा, तिथेच खा.

गरम हातांचं विचारलंस. आई म्हणते, हात गरम असले तर असू देत. ते काय तू बाजारातून निवडून आणलेस? स्वतःला रागावत पीठ मळू नये. राग आला तर हात बाहेर काढ, मांडीवर ठेव, चार श्वास घे, तुपाचा वास घे. मग पुन्हा सुरुवात कर. पसरलेला कहक टाकू नये. तोही खायचाच असतो.

ती म्हणते, तू चांगली मुलगी आहेस.

तब्येतीला जप.

राविया

*

हवल्ली
२९ जून १९८४

राविया,

चार ओळी घाईत लिहितेय. तुझं पत्र कालच आलं. "पाठवू नकोस" वाचायच्या आधीच डबा निघाला होता. मुनीरच्या शाळेतले फतही मास्तर सुट्टीवर अलेक्झांड्रियाला गेलेत, वाट वाकडी करून ईदच्या सकाळी ते तुमच्याकडे देतील. पंचेचाळीस कहक आहेत. थोडे पसरलेत, पण या वेळी आपणहूनच मी एकही टाकला नाही.

"चांगली मुलगी" हे आई कोणत्या तोंडानं म्हणाली ते मला पाहायचं होतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचतेय.

ईद मुबारक. तिच्या हातांचा मुका घे माझ्या वतीनं.

इन्साफ

*

दमनहूर
६ जुलै १९८४

ताई,

हे पत्र वाचताना मुनीरभाईंना शेजारी बसव. आणि एकदम वाचू नकोस.

आई गेली. पाच जूनला, रमजानच्या पाचव्या दिवशी, पहाटेच्या जेवणानंतर. छातीत कळ आली म्हणाली आणि उम्म शौकी डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत संपलं होतं. तुझं पत्र तिला मिळालं होतं, बाळाचं तिला कळलं होतं. तेवढं खरं आहे. त्यानंतर मी तुला लिहिलेलं "आई म्हणते" सगळं खोटं.

काय करू मी? तूच लिहिलं होतंस, धक्का बसेल असं काही ऐकायचं नाही. आठ वर्षांनी राहिलेलं मूल. तार करायला मी पोस्टात गेले होते, फॉर्म भरला आणि फाडला. मुनीरभाईंना कळवलं असतं तर तासाभरात तुला कळलं असतं. मग तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसले, तेव्हा गल्लीत शोकाच्या खुर्च्या होत्या आणि मी कडू कॉफी ढवळत होते. उत्तरात आईचं नाव नसतं तर तुला शंका आली असती. एक खोटं लिहिलं, मग दुसरं लिहावं लागलं. कृती तेवढी तिचीच आहे, पाहून पाहून मला पाठ झालेली. बाकीचं माझं. हात असू देत, श्वास घे, चांगली मुलगी. ती वाक्यं तिनं मलाही कधी म्हटली नव्हती. मला ऐकायची होती, म्हणून मी तुला लिहिली.

ईदच्या सकाळी फतही मास्तर डबा घेऊन दारात उभे. हसत म्हणाले, "कुवेतहून ईदची भेट!" आत सगळ्या बायका काळ्या कपड्यांत. झाकण नीट बसलं नव्हतं, तुपाचा वास घरभर पसरला. ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरात वर्षभर कहक होत नाहीत, आपल्या गल्लीत तर शेजारचे लोकसुद्धा त्या ईदला भट्टीवर ट्रे नेत नाहीत. आणि आपल्याच दारात ते. आत्या ओरडली, "आईचं कफन वाळलं नाही आणि लेक मेजवानी करतेय!" त्या सगळ्यांना मी काय सांगणार? तुला कळवलं नाही हे सांगितलं. मग त्या माझ्यावर ओरडल्या. ओरडू देत. फतही मास्तरांनी सगळं पाहिलं, त्यांच्या तोंडून तुला कळण्याआधी मीच लिहितेय.

उम्म शौकींनी डबा माझ्या हातातून घेतला. म्हणाल्या, "घरात नाही तर नाही, कबरीवर नेऊ. तिच्या नावानं वाटू." आम्ही नेले. कुराण वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी खाल्ले, बायकांनी खाल्ले, प्रत्येकानं तिच्यासाठी दुवा मागितली. डबा रिकामा करून आणला. एक मी ओढणीआड लपवला होता. रात्री खाल्ला. चांगला होता ताई. थोडा कडक, पण चांगला होता.

मला माफ कर असं म्हणायचं धाडस नाही.

राविया

*

हवल्ली
२० नोव्हेंबर १९८४

राविया,

साडेचार महिने तुला लिहिलं नाही. आई गेल्याचं कळवल्यानंतर तू पाठवलेली चारही पत्रं मिळाली. फोडली नाहीत. आज फोडली.

मुलगी झाली. ऑक्टोबरच्या अठराव्याला. नाव हिकमत ठेवलंय, आईचं.

तुझ्यावर रागावले होते म्हणून लिहिलं नाही असं तुला वाटत असेल. वाटू दिलं, कारण ते सोयीचं होतं. खरं हे आहे, आणि हे मी मुनीरनाही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी मला प्रवासाला मनाई केली नव्हती. ती डॉक्टरबाई म्हणाली होती, सहाव्या महिन्यापर्यंत खुशाल जा. जिने, दगदग, धक्का, सगळं मी रचलं होतं. मी रुसले होते. चिमटा तुझ्या हातात दिला म्हणून, बायका हसल्या म्हणून. आईला वाटू दे जरा, असं मनात होतं. बत्तीस वर्षांच्या बाईनं केवढ्याशा गोष्टीसाठी!

तू माझ्या खोट्यावर विश्वास ठेवलास म्हणून खोटं बोललीस. मी खरं लिहिलं असतं तर मेच्या शेवटच्या आठवड्यात मी तिथे असते. ती गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर असतं.

आणखी एक, तेही सांगून टाकते. तुझं दुसरं पत्र वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. "तू चांगली मुलगी आहेस" हे आई म्हणणं शक्य नव्हतं. त्याआधीच्या पत्रातल्या खुर्च्या, बिनसाखरेची कॉफी... ती शोकाच्या घरचीच, हे न कळायला मी काय परदेशी आहे? कुठेतरी आत मला कळत होतं. पण मी विचारलं नाही, कारण तुझ्या पत्रातली आई मला जास्त आवडत होती. तिच्या लोभानं मी कहक करत बसले, आणि खरी आई मातीखाली होती. आत्या ओरडली ते बरोबरच ओरडली.

पोरगी रडतेय. थांबते. मला एकच पाहिजे. आई माझ्याबद्दल शेवटी जे काही बोलली असेल ते लिही. शिवी असली तरी चालेल. साखर घालू नकोस, खरं लिही.

इन्साफ

*

दमनहूर
४ डिसेंबर १९८४

ताई,

हिकमतला माझा मुका.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तुझ्यावर चिडले, मनातल्या मनात खूप बोलले. आता लिहायला बसलेय तर ते बोलावंसं वाटत नाही, कारण तू खरं विचारलंस आणि जे खरं आहे त्यात माझीही चूक आहे. ती लपवत आले होते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, तेव्हा बाळाचं ऐकून तिनं काय केलं ते लिहिलंच आहे. पण डॉक्टरांचं वाचलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "डॉक्टर कसला नि फिक्टर कसला! रुसलीय ती." मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, आठ वर्षांनी बिचारीला दिवस गेलेत आणि तू काहीही काय बोलतेस! ताई, तिला बरोबर कळलं होतं. मी तिचं ऐकलं असतं तर तो तारेचा फॉर्म फाडला नसता.

आणि शेवटचं. चार जूनच्या रात्री, झोपायच्या आधी, कहकचं बोलणं निघालं होतं. तिला दम लागत होता. मी म्हटलं, यंदा थोडेच करू. ती म्हणाली, "इन्साफ नाही, तर बर्फ कोण आणणार?" एवढंच. दोनदा म्हणाली. मला वाटलं तहान लागलीय, गार पाणी हवंय. मी माठातलं आणून दिलं. तिनं नुसता हात लावला आणि भांडं खाली ठेवलं. बर्फ आणायला मी गेले नाही. तेवढ्या रात्री कुठून आणणार, पण गेले असते तर. तेच मनात येतं सारखं.

यात साखर नाही.

राविया

*

हवल्ली
४ जून १९८५

राविया,

सहा महिने झाले. तुझं पत्र माझ्या स्वयंपाकघरात, तिळाच्या बरणीखाली ठेवलेलं असतं.

पहिले कित्येक दिवस तो बर्फ माझ्या छातीवर होता. वाटायचं, मरताना तिला तहान होती आणि बर्फ आणणारी रुसून बसली होती. मी फ्रिज उघडायचे आणि बंद करायचे. मुनीर म्हणायचे, "काय हवंय?" मी म्हणायचे, काही नाही.

मग रमजान लागला. मी अंगावर पाजते म्हणून मला रोजे नाहीत, पण मुनीरचे असतात. परवा दुपारी ते रोज्यानं सुकून पडले होते आणि मी पोरीसाठी पाणी गार करत होते, तर एकदम हात थांबला. रमजानात दुपारी बर्फ कशाला? राविया, विचार कर. रोजा सगळ्यांचा. प्यायचं कुणालाच नाही. सरबतासाठी असता तर सरबत गार झालं असतं. ते तर कोमट असायचं, बाबा ओरडायचे.

आईच्या टेबलाखाली निळं घमेलं असायचं, फडक्यानं झाकलेलं. आठवतं? आपण ओलांडून जायचो. थोड्या थोड्या वेळानं ती खाली वाकायची, "कंबर अवघडली" म्हणायची, आणि हात पुसत वर यायची. थंडीतल्या ईदला बर्फ लागायचा नाही. नळाचं पाणीच पुरायचं.

तिचे हात गरम होते गं. माझ्यासारखेच. तिनं जन्मभर ते सगळ्या गल्लीपासून लपवलं आणि गल्लीत सर्वांत सुबक कहक तिचे. तिच्या सासूनं तिला काय ऐकवलं असेल देव जाणे. उम्म शौकींना विचार, त्यांना माहीत असणार, त्यांची खुर्ची शेजारीच असायची. आधी मला तिचा असा राग आला की बोलायची सोय नाही. स्वतःच्या हातांची लाज, आणि बोलणी मी खायची? मग रडले. कारण तो बर्फ तिनं दरवर्षी मलाच आणायला लावला. तुला नाही, शेजारच्या कुणाला नाही. तेवढं गुपित तिनं माझ्या डोक्यावर ठेवलं होतं आणि मी ते हमालाचं काम समजत होते.

काल कहक केले. रमजानचा पाचवा दिवस होऊन गेला, म्हणजे वर्ष उलटलं, आता करायला हरकत नाही. फ्रिजमध्ये बर्फ होता, तो घेतला नाही. तू लिहिलं होतंस तसं केलं. तू लिहिलं होतंस, आईनं नाही, हे लक्षात ठेवून केलं. पीठ चोळताना तिचा आवाज आला, "लांब राहा इन्साफ." मी हात बाहेर काढले, मांडीवर ठेवले, चार श्वास घेतले, तुपाचा वास घेतला. पुन्हा हात घातले. चौदा वेळा काढावे लागले. हिकमत मांडीजवळ झोपली होती. मध्येच दचकली, तेव्हा पिठाचा हात तसाच तिच्या पोटावर ठेवला आणि ती शांत झाली. तिला माझे हात असेच लागतात.

नक्षी पसरली. सगळ्या कहकांची नाही, बऱ्याचशांची. मी सगळे ताटात मांडले, पसरलेले वरच्या थरात ठेवले. मुनीरनी रोजा सोडल्यावर पाच खाल्ले.

अपराध गेला असं लिहिणार नाही. तुलाही गेला असं लिहायला लावणार नाही. त्या पाच जूनच्या पहाटे मी तिथे नव्हते, आणि ते माझ्या रुसण्यामुळे. ते आता माझ्याबरोबरच राहणार, हातांसारखं. पण ते असतानाही पीठ मळता येतं, हे काल कळलं.

तेराला येते, पोरीला घेऊन. या वेळी खरं. उम्म शौकींना, आत्याला, सगळ्या गल्लीला बोलाव. टेबल अंगणाच्या मधोमध मांड. पीठ मी मळणार, चिमटा तू धर. टेबलाखाली घमेलं ठेवायचं नाही. पसरले तर सगळ्यांसमोर पसरू देत, आणि कुणी हसलं तर हसू दे.

बर्फ मात्र आण. या वेळी तू जा, गोणपाट जिन्याखाली असेल. पण सगळा सरबतात घाल. बाबा नाहीत, आई नाही, तरी त्या घरात एकदा रोजा सोडताना सरबत गार असू दे.

तुझी ताई,
इन्साफ